कारणाचा रकाना

माझ्या उजव्या गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ आहे. ती वयामुळे आलेली नाही. एवढं एक वाक्य कागदावर उतरावं म्हणून मी सात महिने भांडले. त्यात कोण कसं वागलं ते सांगते. ज्याला राग येईल त्याला येऊ दे.

मी गालिचे बसवते. विणत नाही, विकत नाही, बसवते. हॉटेलांचे लांबलचक बोळ, नाटकगृहं, कचेऱ्या, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या खोल्या जिथे स्वतःच्याच बुटांचा आवाज साहेबांना खपत नाही. बावीस वर्षं हेच केलं. भिंतीकडेने खिळ्यांच्या पट्ट्या ठोकायच्या आणि गालिचा ताणून त्या खिळ्यांत अडकवायचा. ताण कमी पडला तर दोन महिन्यांत खोलीच्या मधोमध पोट सुटतं आणि त्यात कोणाची तरी टाच अडकते.

ताणायची हत्यारं दोन. एक ताणदांडा. तो समोरच्या भिंतीला टेकवायचा, तरफ दाबायची, की गालिचा सरकतो. गुडघ्याला काही त्रास नाही, पण जोडायला वेळ लागतो आणि खोलीत दहा वेळा हलवावा लागतो. दुसरं हत्यार हातभर लांबीचं. एका टोकाला दात, दुसऱ्या टोकाला उशी. दात गालिच्यात रोवायचे आणि उशीवर गुडघ्याने हाणायचं, वाटीच्या जरा वर, बोकडासारखं. आम्ही त्याला ढुशी म्हणतो. ढुशी असते कोपऱ्यासाठी, जिथे दांडा मावत नाही तिथे. आम्ही अख्ख्या खोल्या ढुशीने केल्या. एका खोलीला दोनशे, अडीचशे. दिवसाला तीन-तीन खोल्या. हिशेब तुम्हीच करा, मला नको वाटतं.

गाठ आली तेव्हा आधी नुसता ताठा होता. उकिडवं बसलं की मागे कोणी चेंडू ठेवल्यासारखं वाटायचं. मग जिना उतरताना पाय लाकडाचा. मी कंपनीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला पालथं झोपवलं, दोन बोटांनी दाबलं आणि म्हणाले, पाणी आहे, काढून टाकू. सुईने काढलं. पिवळसर, मधासारखं चिकट. चार दिवस मी हरणासारखी फिरले. तीन आठवड्यांत गाठ पुन्हा आपल्या जागेवर. पुन्हा काढलं, पुन्हा भरली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, डॉक्टर, विहीर किती उपसणार, झरा कुठे आहे ते बघा ना. त्यांना ते आवडलं नाही.

मग त्यांनी कारणं सांगायला घेतली. पन्नाशी उलटली. वजन आहे. दोन बाळंतपणं झाली. तिसऱ्या मजल्यावर राहता. घरी खाली बसून कामं करता. घराण्यात संधिवात असेल. रक्तात युरिक ॲसिड वाढलं असेल. माझी सासू सोडून सगळ्यांवर त्यांनी आळ घेतला, आणि ती बिचारी वारली म्हणून सुटली. बावीस वर्षं मी जे हत्यार गुडघ्याने हाणतेय ते तेवढं त्यांच्या यादीत नव्हतं. त्यांच्या फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना होता. त्यात त्यांनी एक शब्द लिहिला: वयोमान.

त्या एका शब्दावर सगळं होतं. कारण ‘काम’ असेल तर शस्त्रक्रिया कंपनी करणार आणि नंतर मला गालिचे कापायच्या टेबलावर, उभ्याने करायचं काम देणार. कारण ‘वय’ असेल तर ‘कामास अपात्र’ असा शिक्का आणि मी घरी. गाठ तीच, गुडघा तोच.

मी त्या फॉर्मवर सही केली नाही. सार्वजनिक दवाखान्यात गेले. तिथे सोनोग्राफीच्या खोलीत एक बाई होत्या, वय माझ्याएवढंच, आवाज हवालदाराचा. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, हे काळं दिसतंय ते पाणी, आणि ही त्या गाठीची मान. बघा कुठून येते? सांध्यातून. मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. गुडघ्यात वंगण असतं, सगळ्यांच्याच. आत काही फाटलं, झिजलं, सुजलं, की गुडघा घाबरून जास्त वंगण सोडतो. ते मागच्या पिशवीत शिरतं. पण पिशवीचं दार एकाच बाजूला उघडतं, त्यामुळे गेलेलं पाणी परत फिरत नाही. गाठ मागे दिसते, दुखणं आत असतं. नुसती गाठ उपसून काही होत नाही. आत काय बिघडलंय ते शोधा.

शोधलं. रक्त तपासलं. संधिवात नाही, युरिक ॲसिड नाही. मोठ्या मशीनमध्ये घातलं तेव्हा सापडलं, गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चेची गादी फाटलेली. अहवाल घेऊन मी पुन्हा त्या बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, कधी पडलात का गुडघ्यावर. मी म्हटलं, पडले नाही, रोज हाणते. आणि त्यांच्या टेबलाच्या पायावर ढुशी कशी मारतात ते करून दाखवलं. टेबलावरची बाटली पडली. ती उचलत बाई म्हणाल्या,

“अहो, गुडघा काय हातोडा आहे का?”

बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

मी फेरतपासणीचा अर्ज केला. आठवड्याने फायलीवाल्या साहेबांनी बोलावलं. हे साहेब कामगारांच्या फायली सांभाळतात आणि कामगारांपेक्षा फायलींशी जास्त प्रेमाने वागतात. त्यांनी टेबलावर एक गठ्ठा ठेवला. प्रत्येक कामाला आमचा एक तक्ता असतो. पट्ट्या किती लागल्या, सांधे किती, खाली अस्तर कोणतं. नवव्या ओळीत छापलेलं असतं: ताणदांडा वापरला, होय किंवा नाही. अकरा वर्षांचे तक्ते होते, त्याआधीचे रद्दीत गेलेले. प्रत्येकावर ‘होय’ला खूण, खाली माझी सही.

साहेब आवाज न चढवता बोलले. तुम्ही दांडा वापरत होता, हे तुम्हीच लिहून दिलंय. मग गुडघ्यावर आघात झाला कुठून? आणि वापरत नव्हता म्हणाल, तर अकरा वर्षं खोटी नोंद केली, त्यालाही नियम आहे.

खरं काय ते ऐका. दांडा कामगारांच्या सगळ्या तुकड्यांत मिळून एक होता आणि तो गोदामात होता. ‘नाही’वर खूण केली की तक्ता परत यायचा आणि काम पास व्हायचं नाही. मी पहिल्या दिवशी कामावर आले तेव्हा मुकादमाने सांगितलं, नवव्या ओळीत होय. ‘होय’ दिसलं की पुढे कोणी वाचत नव्हतं. नंतर नवीन आलेल्यांना मी सांगायला लागले, नवव्या ओळीत होय. कितीजणांना मी हे शिकवलं असेल. ढुशी मारायला शिकवली आणि ती मारली नाही असं लिहायलाही शिकवलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, बोलतो कमी. दुकानातली काचा मोजायची पट्टी आणून तो दर रविवारी माझी गाठ मोजायचा आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. तो म्हणाला, “लोकांची अक्कल गुडघ्यात असते. तुझी तर तिथूनही पाण्याबरोबर वाहून गेली.” मग म्हणाला, आता काय करायचं ठरवलंयस? मी म्हटलं, खरं सांगायचं. तो म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हटलं, ती तशीही चाललीय, निदान ढकलणाऱ्याचं तोंड तरी बघू.

दुसऱ्या दिवशी भावजी आले. माझा धाकटा दीर, माझ्याच तुकडीत चौदा वर्षं. मीच त्यांना कामाला लावलं. येत्या महिन्यात ते मुकादम होणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते खुर्चीत बसले, डावा पाय समोर सरळ सोडून. म्हणाले, वहिनी, सोडून द्या. ‘वय’ लिहिलंय तर असू द्या. मी मुकादम झालो की तुम्हाला कुठेतरी चिकटवतो. मग बराच वेळ कपातला चहा ढवळत राहिले आणि शेवटी खरं बाहेर आलं. माझ्या अर्जावरच्या चौकशीत कंपनीने त्यांना साक्षीला बोलावलं होतं. दांडा गाडीत असतो, एवढंच सांगायचं होतं.

मी म्हटलं, “पाय दुमडून बसा की, भावजी.”

“असाच बरा आहे.”

“कधीपासून?”

ते उठले. दोन्ही हात टेबलावर टेकून उठले, अगदी मी उठते तसे. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

“तुमचं नाव मी घेणार नाही,” मी म्हटलं. “पण माझ्या गुडघ्याबद्दल खोटं बोलायचं असेल तर माझ्याकडे बघून बोला.”

ते जिना एकेक पायरी उतरत गेले. दर पायरीवर डावा पाय आधी, उजवा मागून. तेवढ्यात मला आठवलं. तुकडीत भावजींना सगळे डावऱ्या म्हणतात. आम्ही सगळे डावा गुडघा जमिनीवर टेकवतो आणि उजव्याने ढुशी मारतो. भावजी उलटं करतात. त्यामुळे त्यांना नेहमी दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यावरून चौदा वर्षं त्यांची थट्टा होते. आमचं दुखणं उजवीकडे, त्यांचं डावीकडे. वय काही माणसाचा हात बघून गुडघा निवडत नाही.

नवरा म्हणाला, मग सांग ना चौकशीत. मी नाही म्हटलं. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, गुडघा त्यांचा आहे. दुसऱ्याच्या पँटीचा पायचा मी वर करणार नाही. तो म्हणाला, स्वतःचा भाऊ असता तर केला असतास. मी म्हटलं, हो, आणि कानाखालीही दिली असती.

तुकडीतल्या बाकीच्यांना मात्र मी स्पष्ट विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, अर्धा गालिचा अंथरलेल्या दिवाणखान्यात. चौघं यायला तयार झाले, दोन बाया, दोन पुरुष. त्यातला एक म्हातारा म्हणाला, माझे दोन्ही गुडघे घेऊन जा, मला कशालाच उपयोग नाही त्यांचा.

चौकशीच्या दिवशी चौघांना बाहेर बाकावर बसवलं. ते या प्रकरणात नाहीत, असं फायलीवाले साहेब म्हणाले. आत टेबलामागे तिघं होते, साहेब, कंपनीचे डॉक्टर, आणि बाहेरून बोलावलेले हाडांचे एक वयस्कर डॉक्टर. ते माझ्या मशीनच्या फिल्म खिडकीसमोर धरून बघत होते.

साहेबांनी तक्ते काढले. मी त्यांना पानं उलटायची तसदी दिली नाही. म्हटलं, सगळ्या सह्या माझ्या आहेत. नववी ओळ सगळीकडे खोटी आहे. दांडा मी अकरा वर्षांत चारदा बघितला, त्यातही दोनदा गोदाम झाडताना. कंपनीचे डॉक्टर हसले. म्हणाले, तेव्हा खोटं लिहिलं, मग आज खरं बोलताय हे कशावरून? चांगला प्रश्न होता.

हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवल्या. म्हणाले, गादी फाटलीय हे नक्की, आणि पाणी त्यामुळेच होतंय हेही नक्की. म्हणजे गाठ नुसती उपसणं चुकलं. इथे कंपनीच्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. हाडांचे डॉक्टर पुढे म्हणाले, पण बाई, तुमच्या वयाला ही गादी अशीही झिजून फाटते. आयुष्यात गालिच्याला हात न लावलेल्यांचीसुद्धा. एका गुडघ्यावरून मी कारण ठरवू शकत नाही.

ते खरं बोलत होते, म्हणून मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला. खोट्याशी भांडता येतं. मी म्हटलं, एका गुडघ्यावरून येत नसेल तर बाहेर बाकावर आठ गुडघे बसलेत. साहेब म्हणाले, ते प्रकरणात नाहीत. मी म्हटलं, ढुशी तर आहे ना प्रकरणात? साहेबांनी साक्षीदाराला बोलावलं.

भावजी आले. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांनी विचारलं, ताणदांडा कामावर उपलब्ध असतो का. ते म्हणाले, असतो, गाडीत असतो. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मला विचारलं, काही विचारायचंय का.

मी म्हटलं, “भावजी, गाडीत कुठे ठेवता?”

“मागे.”

“उभा की आडवा?”

दांडा पेटीतून येतो आणि पेटी केवढी आहे हे भावजींना माहीत नव्हतं, कारण चौदा वर्षांत त्यांनी ती उचललेलीच नव्हती. मला दिसत होतं, ते डोक्यातल्या डोक्यात ती पेटी गाडीत बसवून बघत होते आणि ती कुठेच बसत नव्हती. मी पुढे काही विचारलं नाही. जीभ दातांत धरून बसले. पायच्याचा शब्द अगदी ओठांवर होता. मी तो गिळला.

साहेब म्हणाले, ठीक आहे, झालं, जा तुम्ही. भावजी उठले. उठताना हात टेकले. आणि मग ते गेले नाहीत. तिथेच वाकून त्यांनी डाव्या पायाची पँट वर सरकवायला सुरुवात केली. इस्त्रीची घडी मोडत मोडत, गुडघ्याच्या वरपर्यंत.

“मी डावऱ्या आहे, डॉक्टर,” ते हाडांच्या डॉक्टरांना म्हणाले. “वहिनी उजव्याने मारतात, मी डाव्याने. बाकी आमचं काम एकच आहे. दांडा कसा जोडतात ते मला येत नाही.”

साहेब म्हणाले, हे नोंदीत नाही. हाडांचे डॉक्टर तोवर खुर्ची मागे ढकलून पुढे आले होते. त्यांनी भावजींना टेबलावर आधी उताणं, मग पालथं झोपायला लावलं, फायली बाजूला सारून. वाटीच्या वर घट्टा होता, काळपट, रुपयाएवढा. माझ्यासारखाच. मागे गाठ होती, माझ्यापेक्षा लहान. उजवा गुडघा स्वच्छ. वय विचारलं. अडतीस. मग मला बोलावून माझा डावा बघितला. तोही स्वच्छ. मग ते स्वतः दाराशी गेले आणि बाकावरच्या चौघांना आत घेतलं. साहेबांनी पुन्हा नोंदीचं काहीतरी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, मी नोंदी तपासायला आलेलो नाही.

चौघांनाही उजवीकडे घट्टा. दोघांना मागे गाठ. एकाचा गुडघा नुसता करकरत होता. एका बाईला घट्ट्याशिवाय काहीच निघालं नाही. तिला एवढं ओशाळल्यासारखं झालं की डॉक्टरांनाच तिची समजूत काढावी लागली.

कंपनीचे डॉक्टर योगायोगाबद्दल थोडं बोलले. हाडांचे डॉक्टर लिहीत राहिले. मग रकाना त्यांनी मोठ्याने वाचला. कारण: कामाची पद्धत, गुडघ्याने वारंवार आघात, वयाचा थोडा वाटा असू शकतो. माझ्याकडे बघून विचारलं, चालेल? मी म्हटलं, माझा वाटा मी घेते. कंपनीचा कंपनीच्या नावावर टाका.

भावजींचं मुकादमपद तिथल्या तिथे गेलं, कोणी न सांगता. साहेबांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. भावजी पायचा खाली करत म्हणाले, तसंही मुकादमाला दिवसभर उभं राहावं लागतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

मग साहेबांनी माझ्यासमोर आणखी एक कागद सरकवला. शस्त्रक्रियेच्या मंजुरीला तो जोडावा लागतो म्हणाले, एक साधी कबुली, बाकी कारवाई नको म्हणून. पूर्वी मी असल्या कागदावर न वाचता सही केली असती. आता चष्मा लावला. पहिली ओळ होती: मी नवव्या ओळीत चुकून खूण केली.

मी दोनदा वाचलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मी पेन घेतलं, ‘चुकून’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘सांगितल्यावरून, रोज’. त्याखाली आणखी एक ओळ टाकली, की नवीन आलेल्यांनाही मीच हे सांगितलं, ते माझं. मग सही केली.

साहेब म्हणाले, खाडाखोड चालत नाही. मी म्हटलं, मग नवीन टाइप करून आणा, याच शब्दांत. तसाच एक भावजींच्या नावाने आणा. बाकीच्या चौघांनी म्हटलं, आमच्याही. साहेब म्हणाले, वेळ लागेल. म्हातारा म्हणाला, लागू द्या.

साहेब कागद घेऊन गेले. खोलीत आमच्यासाठी खुर्च्या दोनच होत्या आणि त्या मी नि भावजी अडवून होतो. चौघं भिंतीला टेकून उभे राहिले. सगळ्यांचे पाय ठणकत होते. कोणी बाहेर गेलं नाही.